दुचाकीच्या अपघातात ‘कसे लागले’ यावरून ‘कुठे लागले’ हे किती ओळखता येते?

प्रश्न – निवासी डॉक्टर, अपघात विभाग, पुणे

नमस्कार. आमच्या विभागात येणाऱ्या बहुतेक जखमींच्या केसपेपरवर ‘आरटीए’ (रोड ट्रॅफिक ॲक्सिडेंट, म्हणजे रस्ते अपघात) हा शेरा आणि अपघाताची वेळ यापलीकडे काहीही लिहिलेले नसते. पाठ्यपुस्तकातले मेकॅनिझमचे, म्हणजे इजा कशी झाली याचे, प्रकरण मात्र स्टिअरिंगवर छाती आदळणे, डॅशबोर्डवर गुडघा आपटून खुबा मागच्या बाजूला निखळणे अशा मोटारीतल्या प्रवाशांच्या इजांनी भरलेले आहे. आमचा जखमी बहुधा दुचाकीवरचा असतो, नाहीतर पायी चालणारा. म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दुचाकीच्या कोणत्या धडकेत कोणत्या इजा शोधाव्यात, याचे भरवशाचे काही आडाखे आहेत का? आणि रुग्ण नीट बोलत आहे, नाडी व रक्तदाब ठीक आहेत, पण अपघाताचे वर्णन भयंकर आहे, एवढ्यावरून त्याला सीटी स्कॅनला पाठवणे कितपत योग्य? नातेवाईक खर्चाचा हिशेब विचारतात तेव्हा मला स्वतःला पटेल असे उत्तर देता यायला हवे.

उत्तर – अस्थिशल्यचिकित्सक

आडाखे आहेत आणि ते उपयोगी आहेत, मात्र त्यासाठी ‘आरटीए’च्या पुढे किमान एक वाक्य तरी लिहिलेले असावे लागते.

समोरासमोर धडक झाली की गाडी थांबते आणि चालक त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याची जांघ पेट्रोलच्या टाकीवर आदळते आणि पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचे हाडांचे कडे, पुढच्या सांध्यातून उघडते. म्हणून अशा रुग्णाच्या मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त दिसते का हे कॅथेटर (लघवीची नळी) घालण्याआधी पाहावे, आणि दिसल्यास घाईने कॅथेटर घालू नये. मांड्या हँडलला अडकल्या तर दोन्ही मांड्यांची हाडे मोडू शकतात. एका मांडीच्या हाडाभोवती लिटर-दीड लिटर रक्त साचू शकते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे अस्थिभंग असतील तर बाहेर थेंबही न सांडता रुग्ण शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडण्याच्या अवस्थेत) जाऊ शकतो. पुढे फेकला गेलेला चालक खांद्यावर पडला की मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला जाऊन हाताच्या नसांचे जाळे मुळापासून उपटले जाते. एक्स-रेमध्ये हाड शाबूत, पण हात लुळा, असे दिसले की ही शंका पहिल्यांदा घ्यावी.

बाजूने धडक बसली तर पाय दोन वाहनांच्या मध्ये सापडतो आणि नडगीचा उघडा अस्थिभंग होतो. ओल्या रस्त्यावर गाडी घसरून झालेला अपघात त्या मानाने सौम्य असतो, पण घसरताना हँडलचे टोक पोटात घुसले होते का, हे मुद्दाम विचारावे.

मागे बसलेल्या व्यक्तीबद्दल पुस्तकांत फारच थोडे सापडते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला धरायला फारसे काही नसते. स्पीडब्रेकरवर किंवा गाडीने अचानक वेग घेतल्यावर ती मागे कोसळते आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटते. गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरच होता, असे नवरा सांगत असला तरी त्या सांगण्याने निर्धास्त होऊ नये, कारण इथे डोके किती उंचीवरून आणि कशावर आपटले याला महत्त्व आहे. ओढणी किंवा पदर चाकात गेला असेल तर गळ्याकडे पाहावे. गळ्यावर आडवा वळ, घोगरा झालेला आवाज आणि त्वचेखाली बोटांना जाणवणारी करकर, यांपैकी एकही गोष्ट असेल तर स्वरयंत्र, श्वासनलिका आणि मानेचे मणके यांची तपासणी होईपर्यंत त्या बाईला घरी सोडू नये. लहान मुलांच्या बाबतीत टाच स्पोकमध्ये गेली होती का, ते विचारावे. त्या ठिकाणची त्वचा पहिल्या दिवशी बरी दिसते आणि पुढच्या काही दिवसांत काळी पडते.

उत्तर – रुग्णवाहिकेवरील डॉक्टर

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तरी अनेक जखमी आजही रिक्षाने किंवा वाटेतल्या कोणाच्या तरी मोटारीने रुग्णालयात पोहोचतात, आणि घटना पाहिलेला माणूस पोलिसांच्या चौकशीच्या धास्तीने पाच मिनिटांत निघून जातो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४-अ अशा मदत करणाऱ्या माणसाला संरक्षण देते. ही गोष्ट विभागाच्या दारातच त्याला शांतपणे सांगितली तर तो थांबतो आणि बोलतो. त्याला विचारायचे ते एवढेच: कोणते वाहन कशावर आदळले, जखमी गाडीपासून किती लांब सापडला, हेल्मेट होते का आणि ते डोक्यावरच राहिले का, सोबतच्या कोणाचा जागीच मृत्यू झाला का. हेल्मेट सोबत आणले असेल तर ते फेकू देऊ नका. कवच कुठे तडकले आहे, यावरून आघाताची दिशा कळते.

ठिकाणही बोलके असते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर ब्रेक निकामी झालेले अवजड वाहन पुढच्या वाहनांवर जाते, तेव्हा मोटारीतला माणूस चेपला आणि अडकला जातो. तिथे दबलेल्या स्नायूंचा आणि त्यांच्यामुळे बिघडू शकणाऱ्या मूत्रपिंडांचा विचार सुरुवातीपासून करावा लागतो. वेगाबद्दल सांगायचे तर, गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी तीसऐवजी साठचा वेग असेल तर ऊर्जा चौपट होते.

बांधकामावरच्या परांचीवरून पडलेल्या मजुराबद्दल उंची तर विचाराच, पण तो कशावर पडला हेही विचारा. ५० ते १५० फुटांवरून पडूनही वाचलेल्या माणसांचा अभ्यास अमेरिकन संशोधक ह्यू डीहेवन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी हेच दाखवले होते की शरीर किती अंतरात थांबते आणि तो आघात किती भागावर पसरतो यावर जगणे अवलंबून असते. वाळूचा ढीग आणि स्लॅब यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो. माणूस पायांवर पडला असेल तर टाच, घोटा, गुडघा, खुबा आणि कंबरेचे वरचे मणके या क्रमाने वर सरकत तपासा. टाचेचे हाड मोडलेल्या दहांपैकी साधारण एकाला मणक्याचाही अस्थिभंग असतो, आणि टाचेच्या वेदनेपुढे तो पाठीबद्दल तक्रारच करत नाही.

उत्तर – जनरल सर्जन

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. अमेरिकेतील जखमींच्या वर्गीकरणाच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बिघडलेली नाडी, श्वास, शुद्ध आणि उघड दिसणाऱ्या गंभीर इजा यांना लाल, म्हणजे जास्त धोक्याच्या, गटात ठेवले आहे, तर वाहनातून बाहेर फेकले जाणे, दुचाकीस्वार गाडीपासून वेगळा होऊन जोरात आपटणे, दहा फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडणे या गोष्टी पिवळ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, गटात आहेत. माझ्या मते ही विभागणी योग्य आहे. मेकॅनिझम शंका निर्माण करतो आणि ती कुठे घ्यावी हे सांगतो, पण निदान करत नाही. केवळ वर्णन भयंकर आहे म्हणून डोक्यापासून मांडीपर्यंत सीटी करण्यापेक्षा सोनोग्राफी, छाती व पेल्व्हिसचे एक्स-रे आणि त्याच डॉक्टरच्या हाताने ठरावीक तासांनी पुन्हा केलेली पोटाची तपासणी मी पसंत करतो. काही बदलले की लगेच स्कॅन.

मात्र ‘रक्तदाब ठीक आहे’ यावर फार विसंबू नका. निरोगी तरुणाचा रक्तदाब सुमारे तीस टक्के रक्त जाईपर्यंत टिकून राहू शकतो. सायकलच्या हँडलवर पोट आपटलेल्या मुलाच्या बेंबीच्या वर नाण्याएवढा गोल डाग असतो आणि पहिल्या सोनोग्राफीत काही दिसत नाही. स्वादुपिंडाची किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची इजा दुसऱ्या दिवशी उलट्या आणि पोटदुखीतून कळते. तो गोल डाग दिसला तर मूल खेळत असले तरी मी त्याला ठेवून घेतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. न्हाणीघरात पाय घसरून पडलेले आजोबा ‘साधे पडले’ म्हणून रांगेत मागे बसवले जातात. त्यांच्या कपाळावर खरचटले असेल तर मान मागे फेकली गेली होती असे समजा आणि त्यांना मूठ आवळायला सांगा. पायांनी चालत आलेल्या माणसाचे हात दुबळे असतील तर मानेतल्या मज्जारज्जूच्या मध्यभागाला इजा झाली आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याचा सीटी लांबवू नका, आणि नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर रक्तस्राव होत असूनही नाडी वाढत नाही हे लक्षात ठेवा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या केसपेपरवर वाहन, धडकेची दिशा, बसण्याची जागा, हेल्मेट आणि सापडल्याचे अंतर यांच्यासाठी रकाना छापून घेण्याबद्दल मी विभागप्रमुखांशी बोलणार आहे. एक शंका राहते: रुग्ण बेशुद्ध आहे आणि सांगणारा कोणीच नाही, तेव्हा काय करावे?

उत्तर – अस्थिशल्यचिकित्सक

अशा वेळी उलट दिशेने जावे. अंगावरील खुणांवरून मेकॅनिझम जुळवावा. छातीवर पट्ट्याचा तिरका वळ असेल तर तो मोटारीत होता, मांडीच्या आतल्या बाजूला टाकीचे खरचटे असेल तर दुचाकी चालवत होता, आणि दोन्ही नडग्या एकाच उंचीवर मोडल्या असतील तर बंपरचा विचार करावा. रुग्ण शुद्धीवर आला की चोवीस तासांच्या आत त्याची नखशिखान्त तपासणी पुन्हा एकदा करावी, विशेषतः मनगटे, बोटे आणि पावले यांची, कारण जीव वाचवण्याच्या धावपळीत सुटून जातात ती बहुधा हीच लहान हाडे.