पोकेमॉन कार्डचा एकट्याने सराव: टाइमपास की खरी तयारी?

विरारकर
दादरला आम्ही खेळायला जमतो तिथे एकजण सरळ म्हणाला की घरी एकट्याने डेक मांडून बसणं म्हणजे टाइमपास, समोर माणूस नाही तर सराव कसला. मला अजिबात पटलेलं नाही. ६० कार्डांचा डेक, त्यातली ६ प्राइज म्हणून (समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की उचलायची बक्षिसाची कार्डं) उलटी बाजूला जातात, म्हणजे ज्याची एकच कॉपी ठेवलीये ते कार्ड १० टक्के वेळा तिथेच अडकणार. डेक पहिल्यांदा सर्च करताना काय दिसत नाहीये ते बघून ती सहा ओळखायची, तेही समोरच्याला ताटकळत न ठेवता. हे घरीच घोकावं लागतं, ओळखा, प्राइज उलटून पडताळा, पिसा, परत वाटा. लोकलमधून एवढं लटकत दादरला जाऊन मिळणारे मोजके गेम यात का घालवायचे?

ठाण्याचा_निल
प्राइजचं मान्य. पण पुढचं काय? दोन्ही बाजू तूच खेळणार म्हणजे दोन्ही हात तुला माहीत. समोरच्याकडे बॉस (‘बॉसेस ऑर्डर्स’ कार्ड) आहे का, आपण बेंचवर, म्हणजे मागच्या रांगेत, जपून ठेवलेला पोकेमॉन तो त्याने पुढे ओढेल का, ही धाकधूकच नाही. आणि अडवणारं कोणी नसलं की कुठलाही डेक भारीच वाटतो रे.

मुलुंडची_सायली
निल, डेक भारी वाटतो की नाही हे एकट्यानेच कळतं उलट! चार कॉपी टाकल्या की कार्ड येतंच असं सगळे धरून चालतात, पण सुरुवातीच्या ७ कार्डांत त्यातली एक तरी यायची शक्यता साधारण ४० टक्केच आहे. आकडा वाचून काही वाटत नाही, संध्याकाळभर नुसते हात वाटत बसलं की मग कळतं किती वेळा ते कार्ड येतच नाही, आणि मग डेकमधली फालतू कार्डं आपोआप बाहेर जातात. यासाठी दुसऱ्याचा रविवार कशाला खायचा?

विरारकर
+१ सायली. आणि निल, अडवणारं कार्ड पण धरता येतं की. मधेच समोरून इओनो नावाचं कार्ड पडलं समजायचं, हातातली कार्डं डेकच्या तळाशी, उरलेल्या प्राइजएवढीच नवी घ्यायची. दोन प्राइज उरली असतील तर त्या दोन कार्डांवर टर्न काढून दाखवायचा.

ठाण्याचा_निल
पण इओनो कधी पडणार हे तूच ठरवतोयस ना भावा! माणूस तुझा हात भरायची वाट बघतो आणि नेमका तेव्हा टाकतो. येत्या रविवारी बस माझ्यासमोर, मी कधी टाकणार ते आधी ओळखून दाखव.