क्षयरोगाचे जंतू औषधांतूनही तग कसे धरतात?

प्रश्न (सोलापूर): माझे मामा येथे यंत्रमागावर चादरी विणतात. क्षयरोगाच्या औषधांनी दोन महिन्यांतच त्यांचा खोकला थांबला, वजनही वाढले. तरी डॉक्टर सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करायला सांगतात. उरलेले जंतू इतके दिवस कशावर जगतात?

उत्तर १: शरीराने जंतूंभोवती पेशींची गाठ बांधली की आत प्राणवायू घटतो, आणि मग जंतूतील डॉसआर नावाचे नियंत्रक प्रथिन सुमारे ५० जनुके कामाला लावते, जंतूची वाढ थांबते, चयापचय मंदावतो. साखरेऐवजी तो रुग्णाच्याच पेशींतील चरबी आणि कोलेस्टेरॉल वापरतो. त्यातला कार्बन वाया जाऊ नये म्हणून आयसोसायट्रेट लायेज हे जंतूचे विकर (एन्झाइम) क्रेब्ज चक्रातील, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या रासायनिक साखळीतील, कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या दोन पायऱ्या टाळणारी आडवाट उघडते. हे विकर माणसात नसते, म्हणूनच औषधाचे लक्ष्य म्हणून ते मला फार मोलाचे वाटते.

उत्तर २: आयसोनियाझिड हे क्षयरोगाचे औषध जंतूची भित्तिका बांधण्याचे काम रोखते, जो जंतू बांधकामच करत नाही, त्याच्यावर त्याचा मारा बोथट ठरतो. रिफाम्पिसिन हे दुसरे औषध मात्र मधूनच जागे होणाऱ्यांनाही गाठते. मामांना एकही गोळी चुकवू देऊ नका.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. रात्रपाळीहून आल्यावर ते तसेच झोपी जातात, त्यामुळे उद्यापासून गोळ्या मीच त्यांच्या हातावर ठेवीन.