'चढाओढ', 'चुरस' की 'प्रतिस्पर्धा'? (आणि डोळ्यांच्या त्या हिसक्यांना काय म्हणायचं?)

खिडकीपाशी: शाळकरी मुलांच्या विज्ञान अंकासाठी एक लेख मराठीत आणतेय, आणि बायनॉक्युलर रायव्हलरीपाशी दोन दिवस अडलेय. डाव्या डोळ्याला डावीकडे सरकणारे पट्टे दाखवायचे, उजव्याला उजवीकडे सरकणारे. दोन्हींची सरमिसळ सहसा दिसत नाही. काही सेकंद हे दिसतात, काही सेकंद ते. ज्या वेळी जे दिसतात त्यांच्यामागे दोन्ही डोळे हळू वाहत जातात आणि हिसक्यासरशी मागे येतात. मी लिहिलं, 'चढाओढीत हरलेली प्रतिमा दडपली जाते.' संपादकांनी 'द्विनेत्री प्रतिस्पर्धा' केलं. सातवीतलं मूल हे वाचून पुढे जाईल का? आणि त्या हिसक्यांना, निस्टॅग्मसला, रुळलेला शब्द आहे का?

जुनी_पाटी: संपादकांचं बरोबर आहे. परिभाषा एकदा ठरली की तीच वापरावी. पाठ्यपुस्तकातली 'प्रतिक्षिप्त क्रिया' आधी जडच वाटली होती, आज मुलं सहज म्हणतात. निस्टॅग्मसला 'नेत्रदोलन' घ्या.

घाटावरचा: दोलन म्हणजे लंबकाचं. जाताना जेवढा वेळ, येताना तेवढाच. इथे जाणं संथ आणि येणं झटक्याचं, मग दोलन कसं? कसाऱ्याच्या घाटात आम्ही भावंडं खिडकीशी बसलो की आजी समोरून आमच्या डोळ्यांकडे बघायची. म्हणायची, 'पोरांचे डोळे खांब मोजतायत.' एक खांब धरायचा, त्याच्यामागे जायचं, सुटला की पुढचा. यापेक्षा नेमकं कोणी सांगावं?

माजघर: आमच्या घरी याला 'डोळे लवणं' म्हणत.

जुनी_पाटी: अजिबात नाही. डोळा लवतो म्हणजे पापणी फडफडते. त्यावरून शुभ-अशुभ बघतात ते पापणीचंच.

माजघर: कोशात काय आहे ते तुम्ही सांगताय. मी आईच्या तोंडून ऐकलेलं सांगतेय.

पट्ट्यांचा_ड्रम: मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते. तान्ह्या बाळाला दिसतंय का, हे विचारता येत नाही. म्हणून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ड्रम त्याच्यासमोर हळू फिरवतो. पट्टे दिसत असतील तर डोळे आपोआप मागे जातात, हिसका, पुन्हा मागे. गेल्या आठवड्यात एका आईला म्हटलं, 'बघा, बुबुळं पट्ट्यांमागे धावतायत', तर ती तिथेच रडायला लागली. नेत्रदोलन म्हटलं असतं तर तिला काय कळलं असतं?

'दडपली जाते' मात्र नको. तिरळ्या मुलाचा मेंदू एका डोळ्याचं चित्र बाजूला टाकतो, आणि तो पुढे आळशी डोळा होऊ शकतो. हे सांगताना मी 'दडपतो' म्हणायची. पालक हमखास विचारायचे, 'म्हणजे डोळ्याचं प्रेशर वाढलंय का?' त्यांना काचबिंदू आठवतो. मी तो शब्द सोडून दिला.

सेलोफेन: 'दडपली' चुकीचंच आहे, पण वेगळ्या कारणाने. मिरियम स्पेरिंग, मार्क पॉम्पलुन आणि मारिसा कॅरॅस्को यांचा २०११ चा प्रयोग बघा. दोन डोळ्यांना काटकोनात सरकणारे पट्टे दाखवले, आणि एक चित्र जाणिवेतून हटेल अशी योजना केली. माणसं सांगत होती की एकाच दिशेची हालचाल दिसते. डोळे मात्र दोन्हींच्या मधल्या, तिरप्या दिशेने जात होते! म्हणजे न दिसणारं चित्रही डोळ्यांना ओढत होतं. ज्याची ओढ शिल्लक आहे त्याला 'हरलेलं' कसं म्हणणार? मी 'झाकोळलेली प्रतिमा' म्हणेन. ढगाआडचा सूर्य झाकोळतो, पण उजेड देतच असतो.

खिडकीपाशी: 'झाकोळलेली' फार आवडला. पण माझ्या लेखात डोळे दिसणाऱ्या पट्ट्यांमागेच जातात, म्हणून तर न विचारता कळतं की माणसाला काय दिसतंय. मग खरं कोणतं?

सेलोफेन: दोन्ही. मांडणी वेगळी आहे. तुमच्याकडे पट्टे एकमेकांच्या उलट सरकतात, तिथे काटकोनात. आणि 'चढाओढ' म्हटलं की इच्छा आली, जिद्द आली. १८३८ मध्ये व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एका डोळ्याला 'ए' आणि दुसऱ्याला 'एस' दाखवला, तेव्हाच त्याने नोंदवलं की कोणतं अक्षर दिसावं हे बघणाऱ्याच्या मर्जीवर नसतं. बदलाच्या क्षणी एकाचे तुकडे दुसऱ्याच्या तुकड्यांत मिसळतात. मी काल एका डोळ्यावर लाल आणि दुसऱ्यावर निळा जिलेटीनचा कागद धरून भिंतीकडे पाहत बसलो. भिंत लाल, मग कोपऱ्यातून निळी शिरते, तुकड्यातुकड्यांनी. याला 'पाळी' म्हणा. 'दोन डोळ्यांची पाळी'.

घाटावरचा: पाळी ठरलेली असते हो. इथे कधी दोन सेकंद, कधी पाच. 'चुरस' बरा, कोण पुढे जाईल ते सांगता येत नाही.

जुनी_पाटी: एक राहिलं. वर 'बुबुळं धावतायत' लिहिलंय. बुबुळ म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत भाग. धावतो तो नेत्रगोल.

पट्ट्यांचा_ड्रम: लोक बुबुळ कशालाही म्हणतात. नेत्रदानाच्या वेळी घरचे विचारतात, 'नुसतं बुबुळ काढणार ना?' तिथे त्यांना पुढचा पारदर्शक पडदा, पारपटल म्हणायचं असतं. बापाचं शव समोर असताना मी त्यांचा शब्द दुरुस्त करत नाही.

माजघर: आणि बाहुली? जवळून पाहिलं की तिच्यात आपलीच इवलीशी मूर्ती दिसते, म्हणून ती बाहुली. संस्कृतात बाहुलीला 'कनीनिका' म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशी लहान मुलगीच आहे. लॅटिनमध्येही तसंच, छोटी बाहुली.

खिडकीपाशी: अंक परवा छपाईला जातोय. 'चुरस' ठेवू का?

जुनी_पाटी: कनीनिकेचं मान्य, पण म्हणून बुबुळाला नेत्रगोल म्हणता येत नाही.