अनुभव धागा: अकरा जणांचा बॉटनीचा वर्ग, ठाणे

बी.एस्सी. बॉटनी, शेवटचं वर्ष, रोल नंबर १ ते ११. आता सगळे पांगणार. आठवणी आणि रडारड ग्रुपवर करा. इथे फक्त तीन वर्षांत हाताला जे बसलं ते, प्रमाणासकट आणि चुकांसकट. पुढची बॅच आपल्याहूनही लहान असणार आहे. मोठ्या वर्गात आपला सेक्शन (मायक्रोस्कोपखाली बघायचा पातळ काप) बिघडला तर शेजारच्याचा उसना मिळतो. अकरातले तिघे गैरहजर असले की शेजारीच नसतो. ते धरून लिहा.

रोल नं. ४

सेक्शनपासून सुरुवात, कारण मार्क तिथेच जातात. सूर्यफुलाचं खोड घेताना अगदी शेंडा नको, तिथे झायलम (पाणी वाहणारा भाग) पुरतं तयार झालेलं नसतं. फार खालीही जाऊ नका, ब्लेडला आवरत नाही. पान किंवा बारीक मूळ असेल तर बटाट्याच्या नाहीतर गाजराच्या फोडीला चीर देऊन त्यात धरायचं.

ब्लेड नवं आणि ओलं हवं. कोरडं ब्लेड अडकतं, मग काप एका बाजूला जाड आणि दुसरीकडे विरलेला निघतो. करवतीसारखं मागेपुढे करायचं नाही. एकाच ओढीत आपल्याकडे. अंगठा ब्लेडच्या पातळीच्या खाली ठेवा, नाहीतर पहिला सेक्शन अंगठ्याचा. वीस-पंचवीस काप थेट वॉचग्लासमधल्या (काचेच्या उथळ वाटीतल्या) पाण्यात सोडा आणि त्यातला जवळजवळ दिसेनासा झालेला ब्रशने उचला. अख्खा गोल यायलाच हवा हा हट्ट सोडा. जाड पूर्ण गोलापेक्षा पातळ पाव भाग बरा, त्यात एपिडर्मिसपासून (बाहेरच्या थरापासून) पिथपर्यंत (मधल्या गाभ्यापर्यंत) सगळं यावं म्हणजे झालं. काप तिरका गेला तर व्हेसल (झायलममधल्या नळ्या) लांबट दिसतात, आणि एक्झामिनरला ते भिंगाआधीच कळतं.

एक टक्का सॅफ्रनिनमध्ये (लाल रंगात) दोन-तीन मिनिटं, मग पाण्याचा रंग जाईपर्यंत धुवा. झायलम लाल आणि बाकी फिकं राहिलं तर जमलं. सगळंच लाल झालं तर पन्नास टक्के अल्कोहोलमधून क्षणभर काढा. ग्लिसरीनचा एकच थेंब. कव्हरस्लिपची (वरून झाकायच्या पातळ काचेची) एक कड आधी टेकवून, दुसरी सुईवर धरून हळू खाली आणायची. सपाट टाकली की हवा अडकते. काळ्या कडेचा तो गोल बुडबुडा दरवर्षी कुणीतरी व्हेसल म्हणून दाखवतंच.

रोल नं. ७

कांद्याच्या मुळांचं मायटॉसिस, म्हणजे पेशीविभाजन. कांद्याची जुनी वाळकी मुळं खरवडून तो बाटलीच्या तोंडावर असा बसवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. अर्धा कांदा बुडवला की तो सडतो आणि लॅबभर वास. पाणी रोज बदला. तीन-चार दिवसांत मुळं दोन सेंटिमीटर होतात. ती सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान तोडा, दुपारी तोडली तर विभाजन होत असलेल्या पेशी कमी सापडतात. एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि तीन भाग अल्कोहोल, यात २४ तास. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली तर पुष्कळ दिवस चालतात.

वॉटर बाथ (गरम पाण्याचं यंत्र) मोकळा नसेल तर वॉचग्लासमध्ये ॲसिटोकार्मिनचे (गुणसूत्रं रंगवणाऱ्या रंगाचे) नऊ थेंब आणि 1N तीव्रतेच्या एचसीएलचा (हायड्रोक्लोरिक ॲसिडचा) एक थेंब घेऊन दिव्यावर गरम करायचं. वाफ दिसली की बाजूला. उकळू द्यायचं नाही. फक्त टोकाचे दोन मिलिमीटर घ्यायचे, गडद रंगलेला भाग तोच. त्याच्या वरच्या पेशी नुसत्या लांब झालेल्या असतात, तिथे तासभर शोधूनही मेटाफेज (गुणसूत्रं मध्यावर ओळीत येतात ती अवस्था) मिळणार नाही. स्लाइडवर ठेवून कव्हरस्लिप लावा, तिच्यावर पेन्सिलच्या मागच्या टोकाने टपटप करा, मग टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात.

रोल नं. २

हर्बेरियम, म्हणजे झाडं दाबून वाळवून शीटवर लावलेला संग्रह. पहिलं म्हणजे येऊरला पिशवी घेऊन जाऊ नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, परवानगीशिवाय पान तोडायचं नाही. बघायला जरूर जा. सबमिशनला लागतं ते कॉलेजच्या कुंपणाला आणि सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत उगवतंच: टाकळा, आघाडा, एकदांडी, कुर्डू, केना, घाणेरी. केन्याचं निळं फूल दुपारपर्यंत मिटतं. सकाळी आणा आणि चित्र तिथेच काढा, प्रेसमध्ये (झाडं दाबायच्या फळ्यांत) त्याचा नुसता डाग उरतो.

खरा शत्रू ठाण्याचा जुलै. पुस्तकात २४ तासांनी कागद बदला असं असतं; इथे पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बदलावे लागतात, नाहीतर चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. कागद गरम करायला इस्त्री चालेल, पण ती झाडावर फिरवायची नाही, रंग जातो. घोळ, पानफुटी अशी मांसल झाडं प्रेसमध्येही जिवंत राहतात, पानफुटीला तर तिथेच कोंब येतात. फूल वगळून बाकीचा भाग उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवा, टिपा, मग दाबा.

शीट साधारण २९ बाय ४२ सेंटिमीटर. झाड लांब असेल तर इंग्रजी व्ही किंवा एनसारखं दुमडायचं, कापायचं नाही. एक-दोन पानं उलटी ठेवा, खालची बाजू दिसली पाहिजे. लेबल उजव्या कोपऱ्यात खाली. गोळा केल्याची तारीख त्याच दिवशी लिहा. सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिलेल्या तारखा ओळखू येतात, कारण पावसाळी तेरडा मार्चमध्ये फुललेला असतो.

रोल नं. १०

ऐरोलीची खाडी, तिवरं बघायची सहल. अकरा जणांना बस परवडत नाही, गाडीचं भाडं चाळीस जणांना जेवढं तेवढंच. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल, दिघा गावनंतर ऐरोली. पुढे रिक्षात तीन, म्हणजे चार रिक्षा आणि शेवटच्या दोघांवर जास्त भार. भाडं आधीच अकरात वाटून घ्या.

निघण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. फ्लेमिंगो बघायची बोट भरतीला निघते आणि तिवरांची श्वसनमुळं (चिखलातून वर येणारी, हवा घेणारी मुळं) ओहोटीला उघडी पडतात. दोन्हींत सुमारे सहा तास. एकाच फेरीत दोन्ही म्हणजे अख्खा दिवस. वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे जाते, म्हणून मागच्या बॅचची वेळ उपयोगाची नाही. चप्पल चिखलात राहते, नाडीचे जुने बूट घाला.

तिवराची मुळं पेन्सिलसारखी बारीक, चिप्पीची जाड आणि निमुळती. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे, तोंडीत हा प्रश्न येतो. तिवराच्या पानावर मिठाचे कण भिंगातून दिसतात. पान चाटून बघा असंही सांगतात. खाडीचं पाणी बघून ज्याने त्याने ठरवावं. तोडायचं काही नाही, गळलेली पानं पुरतात.

रोल नं. १

क्वाड्राटमध्ये (झाडं मोजायला दोरीने आखलेल्या चौकोनात) एक चूक ठरलेली. डेन्सिटी (घनता) काढताना एकूण झाडांना *सगळ्या* क्वाड्राटच्या संख्येने भागायचं, अबंडन्स (विपुलता) काढताना फक्त ज्यात ती जात सापडली त्यांच्या संख्येने. दहा क्वाड्राट, चारांत मिळून वीस एकदांडी: डेन्सिटी २, अबंडन्स ५, फ्रीक्वेन्सी (किती क्वाड्राटांत सापडली ते) ४० टक्के. डेन्सिटी आणि अबंडन्स सारखे आले तर एक तर जात सगळीकडे आहे, नाहीतर तुम्ही चुकलात.

दोरी सुतळीची नको, ओली झाली की आखडते. नायलॉनची चार मीटर घ्या, दर मीटरला गाठ.

रोल नं. ६

स्पॉटिंगला (मांडलेले नमुने ओळखायच्या परीक्षेला) प्रत्येक जण वेगळ्या स्पॉटपासून सुरू करतो. स्पॉट आठ आणि मुलं अकरा असली तर मध्ये तीन रिकामी स्टुलं. पेपरवर त्यांच्यासाठी ओळ सोडा, नाहीतर पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात. आणि स्पॉटचा मायक्रोस्कोप हलवायचा नाही. फोकस गेला तर हात वर करा.

रोल नं. ९

कागदपत्रं. एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) मूळ एकदाच मिळते, नंतरच्या प्रतीवर डुप्लिकेट शिक्का. द्यायच्या आधी साक्षांकित प्रती काढा. मुंबई विद्यापीठातच एम.एस्सी. असेल तर ट्रान्सफरन्स (कॉलेज बदलायचा) दाखला, पुण्याला जायचं तर मायग्रेशन (विद्यापीठ बदलायचा) दाखला. लायब्ररी आणि लॅबचं डिपॉझिट परत मिळतं, पण पहिल्या वर्षाची पावती लागते. सहाही सेमच्या मार्कशीटवर आईचं नाव आणि स्पेलिंग आत्ताच ताडून बघा.

रोल नं. ११

आवारातल्या झाडांच्या पाट्या आपण लावल्या, त्या टिकवायची रीत. पत्रा ॲल्युमिनियमचा, १५ बाय १० सेंटिमीटर. खिळा नाही. तारेत मध्ये स्प्रिंग आहे, कारण खोड जाड होतं आणि घट्ट तार सालीत रुतून अन्नवाहिन्या कापते. गेटजवळच्या उंच, सरळ झाडांवर ‘अशोक’ लिहिलेलं होतं ते बदललंय. तो आसुपालव, सीताफळाच्या कुळातला. खरा सीताअशोक लायब्ररीच्या मागे आहे, केशरी फुलांचा, शेंगा येणारा. पाटी त्याच्यावर गेली.

पर्जन्यवृक्ष सगळ्यात भराभर वाढतो. त्याची स्प्रिंग दर मे महिन्यात बघा, ताणून सरळ झाली असेल तर तार एक वीत वाढवा. शिडी शिपाईकाकांकडे आहे, पक्कड आपली न्यायची.