मदत हवी आहे: अंडाशयाच्या कॅन्सरनंतर 8-10 वर्षं झालेल्या कुणी आहेत का?

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. आईला (वय 58) गेल्या वर्षी अंडाशयाचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. आधी 3 केमो, मग ऑपरेशन, परत 3 केमो, औषधं कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. आता सीए-125 (या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) 35च्या खाली, म्हणजे नॉर्मल आहे, केसही आलेत. बीआरसीए या जनुकातल्या दोषाची तपासणी पॉझिटिव्ह आल्यामुळे, कॅन्सर परत येऊ नये म्हणून ओलापॅरिबच्या गोळ्या चालू आहेत.

तरी दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी रक्त द्यायची वेळ आली की ती आठवडाभर नीट जेवत नाही. परवा म्हणाली, "पुढच्या चवथीला माटोळी कोण बांधणार, तूच शिकून घे." (माटोळी म्हणजे चवथीला, गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर बांधतात ती फळा-पानांची आरास.) मला काही बोलताच आलं नाही.

इंटरनेटवरचे पाच वर्षांचे आकडे मी तिला दाखवत नाही. ते बऱ्याच वर्षांपूर्वी निदान झालेल्यांचे असतात, तेव्हा या गोळ्या सुरुवातीच्या उपचारानंतर लगेच देत नसत. हे मला कळतं, पण आईला आकडा नको, माणूस हवं. तिच्यासारखंच सगळं सोसून आज घरात, शेतात, नोकरीत वावरणारी एखादी बाई.

तुमच्या घरात, ओळखीत अशा कुणी आहेत का? कोकणीतून बोलणाऱ्या असल्या तरी चालेल. म्हापसा, फोंडा, सावंतवाडीपर्यंत मी तिला घेऊन येईन, नाहीतर फोनवर दहा मिनिटंसुद्धा पुरेत. आणि तपासणीआधीचे ते दिवस तुम्ही कसे काढता, तेही सांगा. एकदा कॅन्सर उलटून परत बऱ्या झालेल्यांनीही जरूर लिहा, आईला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे.