‘टेलिस्कोपिंग बोल्ट’ला मराठीत काय म्हणावे?

शब्दवेडी :
छोटेखानी सबमशीन गनच्या रचनेवरील एका लेखाचे मी भाषांतर करीत आहे आणि ‘टेलिस्कोपिंग बोल्ट’पाशी घोडे पेंड खाते आहे. आधीच्या मसुद्यात कोणीतरी ‘दुर्बीणयुक्त बोल्ट’ असे लिहून ठेवले आहे. ते साफ चूक आहे, कारण नेम धरण्याच्या दुर्बिणीशी या भागाचा काडीचाही संबंध नाही. १९५०च्या दशकातील ‘उझी’ या इस्रायली सबमशीन गनमुळे ही रचना सर्वदूर माहीत झाली. तिच्यात बोल्टचा, म्हणजे काडतूस नळीत सारून नळीचे मागचे तोंड झाकणाऱ्या सरकत्या ठोकळ्याचा, पुढचा भाग पोकळ असतो आणि बार उडतो त्या क्षणी नळीचे मागचे टोक त्या पोकळीत असते. बोल्टचे वजन असे नळीच्या मागे न राहता नळीभोवती आल्यामुळे लांबी वाचते. उझीची नळी २६० मिमीची आहे आणि खांद्याला टेकवायचा दस्ता दुमडल्यावर अख्खे शस्त्र ४७० मिमी भरते. एवढे सगळे वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे करणारा एक शब्द हवा आहे.

खडकीवासी :
आधी ‘बोल्ट’चेच मराठी करा. दाराचा बोल्ट म्हणजे अडसर, म्हणून ‘अंतर्गामी अडसर’ म्हणता येईल. आपण शब्द घडवले नाहीत तर ते कोण घडवणार? ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्दही एके काळी कानाला खटकत होते.

निवृत्त सैनिक :
‘अडसर’ शब्दाला माझा ठाम विरोध आहे. रायफलीत बोल्ट फिरून खाचेत बसतो आणि खरोखरच दार लावतो, त्यामुळे तिथे अडसर शोभेल. उझी किंवा आपली कानपूरला बनलेली ९ मिमी कार्बाइन यांत मात्र काहीच अडकवलेले नसते. चाप ओढेपर्यंत तो जड ठोकळा मागे थांबलेला असतो, चाप ओढला की स्प्रिंगच्या जोराने पुढे येऊन काडतूस नळीत सारतो आणि बार उडवतो. मग काडतुसाचे रिकामे टरफल त्याला मागे ढकलते. त्याचे वजन आणि स्प्रिंग, एवढाच काय तो अडथळा. आम्ही कोतीतून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातून, कार्बाइन घेतली की त्याला ‘ब्रीच ब्लॉक’ म्हणत असू आणि सगळ्या हलत्या भागांना मिळून ‘चालवाले पुर्जे’. मराठी मुलांनाही ते पहिल्या दिवशी कळत असे.

शब्दवेडी :
अडसराबद्दलचे म्हणणे पटले. पण ‘चालवाले पुर्जे’ मराठी लेखात कसे घालू?

शाईपेन :
माझ्या हातात आत्ता पेन आहे. टोपण लावले की निबेचा भाग टोपणाच्या पोटात जातो, आणि पेनाची लांबी टोपणाच्या लांबीइतकी वाढत नाही. इथे टोपण म्हणजे बोल्ट आणि पेनाचे टोक म्हणजे नळी. ‘टोपणबोल्ट’ म्हणावे. ‘म्यान’ही सुचले होते, पण म्यान स्थिर असते आणि तलवार हलते, इथे नेमके उलट आहे.

खडकीवासी :
‘टोपणबोल्ट’मध्ये इंग्रजी शेपूट राहिलेच.

शाईपेन :
राहू द्यावे. काडतूस पोर्तुगिजांकडून आले, बंदूक अरबीतून आली, दस्ता फारसी आहे. आपल्याकडे खास मराठी वाटणारा चाप सोडला, तर हे दालन पाहुण्यांनीच भरलेले आहे. ‘मॅगझिन’सुद्धा मुळात अरबी ‘मखझन’, म्हणजे कोठार.

निवृत्त सैनिक :
मॅगझिनचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आमच्या कार्बाइनचे मॅगझिन डावीकडे आडवे बाहेर येत असे आणि झुडपातून जाताना अडकत असे. उझीचे मुठीतून वर जाते, म्हणून अंधारातही एक हात दुसऱ्या हाताचा ठाव घेत मॅगझिन बसवू शकतो. लेखात हे अवश्य लिहा.

पाषाणची :
मूळ शीर्षकातल्या ‘सबमशीन गन’चे काय करणार? हा शब्द अमेरिकेच्या जॉन थॉम्पसन यांनी आपल्या शस्त्रासाठी रूढ केला. मशीनगनपेक्षा लहान आणि पिस्तुलाची गोळी झाडणारी, असा त्याचा आशय. जर्मनांनी त्यालाच ‘मशीन पिस्तूल’ म्हटले. पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेने महूच्या इन्फन्ट्री स्कूलबरोबर ४ महिन्यांत तयार केलेल्या आणि जानेवारी २०२१मध्ये जाहीर झालेल्या ९ मिमी ‘अस्मि’लाही अधिकृत निवेदनात मशीन पिस्तूलच म्हटले आहे. तिचा वरचा सांगाडा विमानांसाठीच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा आणि खालचा कार्बन फायबरचा आहे. चापाचे भाग धातूच्या त्रिमित छपाईने बनवलेले आहेत.

खडकीवासी :
त्या निवेदनात ‘अस्मि’चा अर्थ अभिमान, स्वाभिमान आणि कष्ट असा दिला आहे. संस्कृतात ‘अस्मि’ म्हणजे केवळ ‘(मी) आहे’. अभिमान हा ‘अस्मिता’चा अर्थ, आणि तोही आधुनिक.

पाषाणची :
योगसूत्रे लिहिणाऱ्या पतंजलींनी तर अस्मितेला पाच क्लेशांत, म्हणजे मनाला पीडणाऱ्या दोषांत, बसवले आहे! तरीही मराठीत तिचा अर्थ बदलला आणि तो आपण सर्वांनी स्वीकारला. मग ‘अस्मि’लाच नकार का?

खडकीवासी :
कारण अस्मिता हे नाम आहे आणि अस्मि हे क्रियापद. क्रियापदाला अभिमानाचा अर्थ चिकटवणे हे रूढीचे काम नव्हे.

शब्दवेडी :
बोल्टचे अजून ठरलेले नाही. मसुदा उद्या द्यायचा आहे. तूर्त ‘नळीवर टोपणासारखा बसणारा बोल्ट’ असे लिहिते आहे.

खडकीवासी :
‘अस्मि’बद्दल संस्कृतच्या जाणकारांनी लिहावे.