व्हिडिओफ्लुओरोस्कोपीत स्पीच थेरपिस्ट नेमकं काय करतात?

प्रश्न: पक्षाघातानंतर बाबांना पाणी पिताना ठसका लागतो, म्हणून ही तपासणी (गिळतानाचं क्ष-किरण चित्रण) सांगितलीय. रेडिओलॉजिस्ट असताना थेरपिस्ट कशाला?

उत्तर १: यंत्र, किरणांची मात्रा आणि रचनेतले दोष रेडिओलॉजिस्ट बघतात. काय, किती, कोणत्या क्रमाने गिळायला द्यायचं हे थेरपिस्ट ठरवतात. बेरियम (क्ष-किरणांत दिसणारा पदार्थ) मिसळलेलं पाणी आधी चमच्याने ३-५ मिली, मग कपाने. पुढे दाट द्रव, शेवटी बिस्किट. चित्रण सेकंदाला ३० फ्रेम हवं, कमी ठेवलं तर श्वासमार्गातला क्षणभराचा शिरकाव निसटतो.

उत्तर २: ठसका नाही म्हणजे धोका नाही, असं कृपया समजू नका. घास स्वरतंतूंखाली उतरूनही काहीजण खोकत नाहीत. श्वासमार्गातल्या शिरकावाच्या ८ पायऱ्यांच्या मापनात ती आठवी, सर्वांत वाईट पायरी. थेरपिस्ट तिथेच हनुवटी झुकवून किंवा मान दुबळ्या बाजूला वळवून पुन्हा घोट देतात. हनुवटी झुकवणं सरसकट लावू नये: घशाच्या खालच्या खळग्यांत उरलेलं त्याने श्वासनलिकेत सांडू शकतं.

उत्तर ३: बेरियमने द्रव दाट होतो, म्हणून दाटपणा मिसळल्यावरच मोजा. १० मिली सिरिंजमधून १० सेकंद वाहू द्या. ४ ते ८ मिली उरलं तर लेव्हल २ (IDDSI या दाटपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर). घरी थिकनरचं (द्रव दाट करणारी पावडर) पाणी त्याच दाटपणाचं करा.